आठचा बोर्ड, अठराचा बोर्ड

मुंबईत जुना प्लेस्टेशन घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी एकच सांगते: तळाचा स्टिकर वाचा, पण त्यावर किंमत ठरवू नका. स्टिकर खोटं बोलत नाही. ज्या खोक्यावर तो चिकटवला त्या खोक्याची माहिती तो बरोबर देतो. पण आत काय बसलंय हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. आणि आपल्या शहरात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आतल्या-बाहेरच्याची इतकी अदलाबदल झाली आहे की लॅमिंग्टन रोडच्या एखाद्या दुकानातून हातात पडणाऱ्या मशीनमध्ये कव्हर एकाचं, लेन्स दुसऱ्याची आणि पॉवर सप्लाय तिसऱ्याचा असणं ही रोजची गोष्ट आहे.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मशीन चालू ठेवायची, गिऱ्हाइकाच्या मुलाला रविवारी खेळायला मिळालं पाहिजे, एवढ्या एका हिशोबाने हे सगळं झालं. सुटे भाग कुठून येणार होते? बंद पडलेल्या दुसऱ्या मशीनमधूनच. त्यामुळे मुंबईतला प्लेस्टेशन ओळखायचा तर त्याला उघडावंच लागतं. वरची पत्र्याची शील्ड काढायची, आतल्या मुख्य सर्किट बोर्डावर पांढऱ्या अक्षरांत छापलेलं नाव शोधायचं. पीयू-७, पीयू-८, पीयू-१८, पीयू-२०, पीयू-२२, पीयू-२३. पुढच्या छोट्या पीएस वनमध्ये पीएम-४१. दुरुस्तीवाल्यांच्या तोंडी हे सगळं आटोपशीर झालेलं असतं: आठचा, अठराचा, बावीसचा.

माझ्या भाच्याने मला एकदा विचारलं, "मावशी, खाली मॉडेल नंबर लिहिलाय की, मग खोलायचं कशाला?" तो टॉर्च धरून उभा होता आणि मी स्क्रू काढत होते. प्रश्न अगदी रास्त होता. एससीपीएच-१००२ म्हणजे युरोपसाठीचं पहिलं मॉडेल, त्यात बहुधा आठचा बोर्ड. ५५०२ मध्ये अठराचा, ७००२ मध्ये साधारणपणे विसाचा, ७५०२ मध्ये बावीसचा, ९००२ मध्ये तेविसाचा. शेवटचा आकडा प्रदेशाचा: शून्य जपान, एक अमेरिका, दोन युरोप, तीन आशिया. कोष्टक सोपं आहे, पाठ व्हायला वेळ लागत नाही. मी त्याला म्हटलं, "हे कारखान्यातून बाहेर पडताना खरं होतं. त्यानंतर हे मशीन किती हातांतून गेलंय ते आत लिहिलेलं असतं."

न उघडता थोडंफार कळतं, नाही असं नाही. मागची बाजू पाहायची. मागची छिद्रं स्टिकरपेक्षा जास्त भरवशाची, कारण बोर्डावरचे सॉकेट त्यांच्यातून बाहेर यावे लागतात. पहिल्या मशीनना आवाजाचे आणि चित्राचे वेगळे गोल सॉकेट होते, लाल-पांढरे-पिवळे. जपानच्या अगदी पहिल्या एससीपीएच-१००० ला, जो ३ डिसेंबर १९९४ ला बाजारात आला, त्याला एस-व्हिडिओचं सॉकेटही होतं. ५५०० च्या मालिकेपासून गोल सॉकेट गेले आणि एकच चपटं सॉकेट उरलं. ९००० च्या मालिकेत मागचा पॅरलल पोर्ट गेला. पीएस वनमध्ये सिरियल पोर्टही नाही आणि पॉवर सप्लायसुद्धा पोटातून काढून बाहेर अ‍ॅडॅप्टरमध्ये ठेवला. म्हणजे मशीन पाठमोरं धरलं की त्याचा साधारण काळ सांगता येतो. पण शेजारशेजारच्या मॉडेलचं काय? ७००२ चा तळ ७५०२ ला लावला तर मागून दोघं सारखेच दिसतात. १००१ आणि १००२ चंही तेच.

आणि पुढची अडचण अशी की बोर्डावरचं नावही सगळं सांगत नाही.

आठच्या बोर्डाचंच घ्या. पीयू-८ या एकाच नावाखाली सोनीने दोन बरेच वेगळे बोर्ड काढले. सुरुवातीच्या पीयू-८ वर चित्र काढणारी चिप १६० पायांची, तिच्यावर सीएक्सडी८५१४क्यू असं लिहिलेलं, आणि शेजारी चित्राच्या मेमरीच्या दोन चिपा. नंतरच्या पीयू-८ वर तीच जबाबदारी २०८ पायांच्या सीएक्सडी८५६१क्यू कडे गेली आणि दोन मेमरी चिपांच्या जागी शंभर पायांची एकच आली. मेमरी तेवढीच, एक मेगाबाइट. पण जात बदलली: आधी व्हीरॅम होती, मग एसजीरॅम. पीयू-८ या अक्षरांपाशी थांबणाऱ्याला दोन्ही बोर्ड सारखेच वाटतील. म्हणून नावाजवळचा लांबलचक भाग क्रमांक वाचायचा, १-६५८-४६७ आणि पुढे आणखी दोन आकडे. ते शेवटचे दोन आकडे कामाचे. तेही घासून गेले असतील तर मोठ्या चौकोनी आयसीच्या, म्हणजे चित्राच्या चिपेच्या, बाजूला किती मेमरी चिपा बसल्यात ते मोजायचं. एक की दोन, एवढंच. हे पाहायला भिंगही लागत नाही.

फरक नुसता कागदावरचा नाही, पडद्यावर दिसतो. जुनी चिप पोत चढवलेल्या पृष्ठभागावर उजेड-सावलीचा हिशोब कमी बारकाईने करते. बोगद्यातून गाडी बाहेर येते, धुक्यात दिवा असतो, अशा जागी जुन्या मशीनवर छटांचे पट्टे पडतात. नव्यावर तीच छटा सलग उतरते. मी दोन मशीन एकाच जुन्या नळीच्या टीव्हीवर आळीपाळीने लावून भाच्याला दाखवले. त्याला पट्टेवालं जास्त आवडलं. मला सलग आवडतं. पण आपण नेमकं काय पाहतोय हे दोघांनाही कळलेलं असलं की या आवडीनिवडीवर भांडायला मजा येते.

बोर्डाचं वय काढायचं तर आयसींच्या पाठी वाचायच्या. बऱ्याच आयसींवर चार आकड्यांची खूण असते. ९६३४ म्हणजे १९९६ चा चौतिसावा आठवडा. एका बोर्डावरच्या सगळ्या खुणा लिहून काढल्या तर त्या थोड्या मागेपुढे असतात, कारण चिपा आधी बनतात आणि मग साठ्यातून बोर्डावर येतात. त्यातली सर्वांत अलीकडची खूण धरायची. त्याआधी तो बोर्ड बनलेला असूच शकत नाही. आणि बाकी सगळ्या ९६ च्या असताना एकच आयसी ९८ ची निघाली, तर ती कुणीतरी नंतर बदलली आहे. मग तिच्या पायांपाशी वाकून बघायचं. कारखान्याचं सोल्डर एकसारखं, पातळ, मंद चमकीचं असतं. हाताचं सोल्डर जरा फुगीर, आणि फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात त्या राळेचा, पिवळट डाग मागे ठेवणारं. हा डाग मला फार मोलाचा वाटतो. जमिनीच्या सातबाऱ्यावर जसा प्रत्येक फेरफार नोंदलेला असतो, तशी ही बोर्डावरची नोंद आहे. फरक इतकाच की ती करणाऱ्याला आपण नोंद करतोय हे माहीत नव्हतं.

पहिल्या मशीनची मोठी दुखणी लेन्सची. सात आणि आठच्या बोर्डांच्या काळात लेन्सची सरकणारी गाडी प्लास्टिकची होती आणि ती पॉवर सप्लायच्या जवळ बसवलेली होती. उष्णतेने आणि घासून घासून प्लास्टिक झिजायचं, लेन्स किंचित कलायची, आणि मधले चित्रफितीचे तुकडे अडखळायला लागायचे. मशीन उलटं किंवा आडवं उभं करून खेळणारी मुलं जगभर होती. आपल्याकडे मे महिन्यात, पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या खोलीत, पंखा खेळणाऱ्यावर आणि मशीन टीव्हीखालच्या बंद कप्प्यात, मग काय होणार? सोनीने पुढे ५५०० च्या मालिकेत लेन्स पॉवर सप्लायपासून लांब सरकवली. हा बदल मला त्या सगळ्या बदलांतला सर्वांत शहाणा वाटतो.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट बोर्डावरून गेली: प्रीसेट. जुन्या बोर्डांवर लेन्सचा सिग्नल जुळवायला पेचकसाने फिरवायचे छोटे प्रीसेट होते. अठराच्या बोर्डापासून ती जुळवाजुळव मशीन आपणहून करायला लागलं. म्हणजे शील्ड काढल्यावर प्रीसेट दिसले तर बोर्ड सात-आठचा, नसतील तर पुढचा, इतकी सरळ खूण आहे ही. पण मुंबईतल्या आठच्या बोर्डांवर मी प्रीसेटकडे दुसऱ्याच कारणासाठी बघते. माझ्याकडच्या एका बोर्डावर प्रीसेटच्या बाजूला निळ्या स्केचपेनची बारीक रेघ आहे, कारखान्यात तो ज्या जागी होता तिथे. त्यापासून जरा पुढे लाल रेघ. आता पेच लाल रेघेवर आहे. कुणीतरी आधी मूळ जागा खूण करून ठेवली, मग लेन्स म्हातारी होत चालली तसं थोडं वाढवलं, आणि नवी जागाही खूण केली. पुढच्या माणसाला परत यायची वाट राहावी म्हणून. तो माणूस कोण, दुकान कुठलं, काहीच माहीत नाही. पण काम कसं करावं हे त्या दोन रेघांत आहे. मी तो प्रीसेट हलवलेला नाही.

विजेचीही एक गोष्ट आहे. नव्वदच्या दशकात इथे आलेली बरीच मशीन कुणाच्या तरी सामानातून आली: दुबईहून मामाने आणलं, बोटीवरच्या काकांनी सिंगापूरहून आणलं, अमेरिकेहून आत्याने पाठवलं. अमेरिकेचं मशीन १२० व्होल्टचं, जपानचं १०० चं. आपल्या भिंतीत २३०. ट्रान्सफॉर्मर न लावता पिन खोचली की पॉवर सप्लायचा फ्यूज आणि कंडेन्सर तिथल्या तिथे जायचे. पण पॉवर सप्लाय वेगळ्या पट्टीवर होता आणि बोर्डाला तो शेवटी खालचेच व्होल्टेज देत होता, एक साडेसातच्या आसपास आणि एक साडेतीनचं. त्यामुळे युरोपच्या बंद मशीनमधली पट्टी काढून अमेरिकेच्या मशीनमध्ये बसवली की काम झालं. तळावर १२० व्होल्ट लिहिलेलं आणि पोटात २३० वर चालणारा सप्लाय, अशी मशीन मुंबईत आहेत. उलटंही सापडू शकतं, आणि ते धोक्याचं. म्हणून सप्लायच्या पट्टीवरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय वायर लावू नये. एवढी एक गोष्ट मी हात जोडून सांगते.

प्रदेश कुठला हे स्टिकरवर लिहिलेलं असतं, पण बोर्डावर ते क्रिस्टलला, म्हणजे चिपेला ठरलेल्या वेगाचे ठोके देणाऱ्या भागाला, विचारावं. जुन्या बोर्डांवर चित्राच्या चिपेसाठी वेगळा क्रिस्टल असतो: एनटीएससी, म्हणजे अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीच्या मशीनमध्ये ५३.६९ मेगाहर्ट्झ, पाल, म्हणजे युरोपच्या आणि आपल्या पद्धतीच्या मशीनमध्ये ५३.२०. नंतरच्या बोर्डांवर त्याऐवजी १४.३१ किंवा १७.७३ कोरलेला धातूचा डबा. या आकड्यांत हिशोब आहे. एनटीएससीचा रंग ३.५७९५४५ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसतो, तिची पंधरापट म्हणजे ५३.६९. पालचा रंग ४.४३३६१८७५ वर, त्याची बारापट म्हणजे ५३.२०. आता पाल मशीनमध्ये, पुढे सांगते ती चिप बसवून, अमेरिकेची डिस्क घातली की मशीन एनटीएससीसारखं चालू लागतं, पण क्रिस्टल तर पालचाच राहतो. ५३.२० ला पंधराने भागलं की ३.५४६९ येतात. टीव्हीला हवेत ३.५७९५. एवढ्याशा चुकीने टीव्ही रंग सोडून देतो आणि चित्र काळं-पांढरं होतं. आपल्याकडे किती घरांत मुलं नव्या कोऱ्या गेमकडे काळ्या-पांढऱ्यात बघत बसली असतील! टीव्ही बिघडला म्हणून मेकॅनिकला बोलावणंही झालं असेल.

याचा उपाय दुसरा क्रिस्टल. माझ्याकडे आलेल्या एका आठच्या बोर्डावर मूळ क्रिस्टलशेजारी दुसरा क्रिस्टल पिवळ्या रबरी गोंदाने चिकटवलेला होता, त्यातून दोन पातळ तारा निघून मागच्या बाजूला छिद्र पाडून बसवलेल्या छोट्या स्विचला गेलेल्या. स्विचच्या एका अंगाला सुईने ओरखडून 'पी', दुसऱ्या अंगाला 'एन'. अक्षरं वाकडी, काम सरळ. स्विच टाकला, रंग आला.

आणि चिप. मुंबईतल्या प्लेस्टेशनबद्दल लिहायचं आणि चिपेबद्दल बोलायचं नाही, हे शक्य नाही. प्रत्येक खऱ्या डिस्कच्या सुरुवातीच्या भागात, खोबणीच्या सूक्ष्म वळवळीत, चार अक्षरं लपवलेली होती: जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. मशीनला आपली अक्षरं मिळाली नाहीत तर डिस्क नामंजूर. छोटी आठ पायांची चिप ही अक्षरं मशीनच्या कानात घालायची. ती आल्यावर नकली डिस्काही चालू लागल्या हे खरं आहे, आणि फोर्टच्या फुटपाथवर त्यांचे ढीग आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण सिंगापूरच्या मशीनवर लंडनहून आलेली अस्सल, पूर्ण किंमत मोजलेली डिस्कसुद्धा चिपेशिवाय चालत नव्हती, हेही तितकंच खरं.

चिप बसवणाऱ्याला बोर्ड ओळखता येणं भाग होतं. तारा कुठे जोडायच्या हे प्रत्येक बोर्डावर वेगळं. बावीसच्या बोर्डापासून एका तारेवरचा सिग्नलच बदलला, त्यामुळे आठवर चालणारी जोडणी तिथे चालत नाही. पुढे युरोपच्या पीएस वनमध्ये बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा आतला प्रोग्रॅम, तोही प्रदेश तपासायला लागला, म्हणून आणखी तारा आल्या. मी ज्यांच्याकडे सोल्डरिंग शिकले ते ग्रँट रोडचे काका नाव वाचतच नसत. शील्ड उचलली की म्हणायचे, "बावीस आहे. ही तार तिकडे जाणार." मी विचारलं, "काका, न वाचता कसं कळलं?" तर म्हणाले, "आयसीची दाटी बघ ना. आठवर किती मोठी गर्दी, इथे बघ किती मोकळं." बरोबर होतं त्यांचं. मुख्य मेमरी आधी चार चिपांत होती, नंतर एकीत आली. आवाजाचं आणि सीडीचं काम शेवटच्या बोर्डांत एकाच चिपमध्ये गेलं. बोर्ड वर्षागणिक ओसरत जातो. ते मोकळेपण बघून ते साल सांगायचे.

इथे संग्राहकांशी माझं पटत नाही. पहिलं मॉडेल तेच अस्सल, पुढचं सगळं स्वस्तात उरकलेलं, असं मानून ते १००२ ला दुप्पट भाव देतात. गोल सॉकेटमधून येणारा आवाज चांगला म्हणून हाय-फायवाल्यांनीही ते मॉडेल उचललं. त्या आवाजाला मी नावं ठेवणार नाही. पण पुढचे बोर्ड स्वस्त झाले ते चुका दुरुस्त करत करत. लेन्स उष्णतेपासून लांब गेली, प्रीसेट गेले, सोल्डरचे सांधे कमी झाले, आणि जितके सांधे कमी तितक्या बिघडायच्या जागा कमी. समुद्राच्या खाऱ्या दमट हवेत हे मला रोज दिसतं. चार पावसाळे माळ्यावर काढलेल्या बोर्डावर शील्डच्या कडा गंजतात, पोर्टच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखं तांबं फुलतं. त्यातून बावीसचा बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला की बहुतेक वेळा उठतो. आठच्या बोर्डाला बसवावं लागतं, समजवावं लागतं. जगभर दहा कोटींहून जास्त प्लेस्टेशन विकले गेले ते या न दिसणाऱ्या सुधारणांच्या जोरावर, आणि त्या करणाऱ्या इंजिनिअरांची नावं कुठे छापून आली नाहीत. आकडा तेवढा वाढत गेला: आठ, अठरा, वीस, बावीस, तेवीस.

दुसरं न पटणारं म्हणजे मशीन 'मूळ रूपात' आणायचा आग्रह. चिप उपटायची, तारा काढायच्या, मागचं छिद्र बुजवायचं, प्रीसेट पुन्हा निळ्या रेघेवर. मला हे करवत नाही. कारखान्यात काय बनलं ते सोनीच्या कागदांत कुठेतरी असेलच. ग्रँट रोडला, दादरला, ठाण्याच्या स्टेशनबाहेर त्याच बोर्डाचं पुढे काय झालं ते फक्त त्या बोर्डावर आहे. सैल झालेली, शॉर्ट होऊ शकेल अशी तार मी पुन्हा नीट बसवते, कारण आग लागायला नको. बाकी जिथे आहे तिथे ठेवते.

म्हणून मशीन बंद करण्याआधी एक चिठ्ठी लिहून शील्ड आणि वरच्या कव्हरच्या मध्ये, हवेची वाट न अडवता, टेपने चिकटवते. बोर्डाचं नाव आणि पूर्ण भाग क्रमांक. चित्राच्या चिपेचा क्रमांक. क्रिस्टलचा आकडा. सप्लाय किती व्होल्टचा. सर्वांत अलीकडची तारीख-खूण. मग खाली, हाताने काय काय केलेलं सापडलं ते: चिप आहे का, किती तारा, कुठे. शेवटी मी काय केलं ते आणि महिना-साल. भाचा हल्ली या चिठ्ठ्या लिहितो, त्याचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. त्याला स्वतःसाठी एक मशीन हवं होतं आणि तो तळावर १००२ लिहिलेल्याकडे बोट दाखवत होता. उघडलं तर आत नंतरचा पीयू-८, एका मेमरी चिपेचा, पट्टे न पाडणारा. तो हिरमुसला. पट्टेवाला बोर्ड मिळेपर्यंत तो आता आधी शील्ड उचलतो आणि मग भाव विचारतो.